वसईहून जर्मनीला: ऑपेरा गायनाच्या प्रवेशपरीक्षेचा माझा अनुभव

ऑपेरा गायन शिकायला जर्मनीला जायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, हे मला सलग सांगणारं कोणी भेटलं नाही. इंजिनिअरिंगला, एमएसला जाणाऱ्यांचे मोठमोठे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तिथे एपीएस (कागदपत्रांची तपासणी), ब्लॉक्ड अकाउंट (तिथे राहण्या-खाण्याचे पैसे आधी भरून ठेवायचं खातं), व्हिसा सगळ्याची उत्तरं पाच मिनिटांत मिळतात, पण "मला गाण्याची परीक्षा द्यायला आधी तिकडे जाऊन यायचंय, कुठला व्हिसा काढू" असं विचारलं की कोणाकडे उत्तर नसायचं. आता माझं पहिलं सेमिस्टर सुरू झालंय, सगळं अजून डोक्यात ताजं आहे, तेव्हा लिहून काढते. हे सगळं २०२४ आणि २०२५ मधलं आहे, फिया आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या वर्षाचे आकडे त्या त्या साइटवर बघूनच पुढे जा.

मी वसईची. आमच्याकडे चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, मराठीत होते आणि क्वायरला चार आवाजांत गायची जुनी सवय आहे, त्यामुळे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे शब्द मला शाळेपासून माहीत. बीकॉम करता करता वांद्र्याला एका टीचरकडे पाश्चात्त्य गायन शिकायला लागले. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ पासून बंद होतं, ते ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, आणि त्या पहिल्या रात्री गायल्या त्या पॅट्रिशिया रोझारिओ, मूळच्या गोव्याच्या घरातल्या, जन्म मुंबईचा, पुढे लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य विद्यालयात शिकलेल्या. मी तेव्हा शाळेत होते, ते नंतर वाचलं. पण मुंबईतली एक मुलगी हे करू शकली आणि आयुष्यभर यावर जगली, एवढं मला पुरेसं होतं.

पप्पांना ऑपेरा समजावताना मी संगीत नाटकाचाच आधार घेतला. रॉयल ऑपेरा हाउसच्याच स्टेजवर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गाऊन गेलेत, गोष्ट गाण्यातून पुढे जाते, समोर वाद्यवृंद असतो. फरक सांगायचा तर ऑपेरात बहुतेक वेळा बोलणंही गाण्यातच असतं, आणि आजही माइक नसतो. साठ-सत्तर वाद्यांच्या वर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तो ओरडून नेता येत नाही. घशाचा आणि तोंडाचा आकार असा घडवायचा की साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक धार येते, तिथे ऑर्केस्ट्राचा जोर कमी असतो, म्हणून माणसाचा एकटा आवाज त्यातून बाहेर ऐकू येतो. ही ट्रेनिंग वर्षानुवर्षं चालते आणि ती कोणीतरी समोर बसून कान देऊन करून घ्यावी लागते.

जर्मनीच का? दोन कारणं. इंग्लंडच्या मोठ्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला वीस हजार पाउंडांच्या वर फी पडते, ते आमच्या घरी शक्यच नव्हतं. जर्मनीत सरकारी संगीत महाविद्यालयं आहेत, त्यांना होखशूले म्हणतात, बहुतेक राज्यांत तिथे ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचा काही शे युरोंचा हप्ता. अपवाद लक्षात ठेवा: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, मानहाइम, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग आणि ट्रोसिंगेन इथल्या होखशूलेत, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, आणि लाइपझिगला १,८०० युरो. दुसरं कारण नोकरीचं. एका देशात सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं आणि त्यातल्या बहुतेकांत पगारी गायक, असं दुसरीकडे कुठे नाही.

वयाचं आधी बघून घ्या. गायनाच्या बॅचलरला बऱ्याच ठिकाणी चोविस-पंचविशीच्या आसपास वयोमर्यादा असते, काही ठिकाणी थोडी पुढे. माझं बीकॉम झालेलं असलं तरी गायनाची पदवी नव्हती, त्यामुळे मास्टर्सला थेट अर्ज करता येत नव्हता, पुन्हा बॅचलरच. नातेवाईकांना हे पटवणं कठीण गेलं, "परत पहिल्या वर्षाला?" असं प्रत्येकाने विचारलं. हो, परत पहिल्या वर्षाला, आठ सेमिस्टर.

जर्मन भाषा मी २०२३ च्या सुरुवातीलाच शिकायला लागले होते, काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात. अंधेरीला एका सीएच्या ऑफिसात नोकरी, तिथून चर्चगेट, क्लास, आणि मग विरार लोकलने वसई, शनिवारी गाण्याचा क्लास. प्रत्येक होखशूलेची अट वेगळी, कुठे अर्जाच्या वेळी बी१ (भाषेची मधली पातळी) चालतं आणि त्याच्या वरची बी२ नंतर द्यायची, कुठे बी२ आधीच. मी बी२ चं सर्टिफिकेट फेब्रुवारी २०२५ मध्ये हातात घेतलं. या परीक्षेचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि एखाद्या भागात अडकलात तर तेवढाच पुन्हा देता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच पुन्हा पूर्ण फी भरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कुठली गाणी न्यायची. माझ्या मनात पुच्चिनीच्या तोस्का या ऑपेरातली ती प्रसिद्ध आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, होती. मला ती पाठ होती, वरचे सूर लागत होते, घरी सगळे थक्क व्हायचे. टीचरने शांतपणे ती यादीतून काढली. तोस्का हा मोठ्या, पिकलेल्या आवाजाचा रोल आहे, बायका तो तिशी-चाळिशीत गातात. जर्मन थिएटरात आवाजाच्या जातीप्रमाणे रोल वाटलेले असतात, त्याला फाख म्हणतात, आणि बाविशी-तेविशीच्या मुलीने आपल्या फाखच्या बाहेरचं जड गाणं आणलं की समोरच्या प्रोफेसरांना पहिला प्रश्न हाच पडतो की हिचा घसा किती वर्षं टिकेल. टीचरचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: "ते तू आज काय गातेस ते बघणार नाहीत, चार वर्षांनी काय गाशील ते बघणार." सगळ्या प्रवासात ही एक गोष्ट मला सर्वात जास्त उपयोगी पडली.

त्याऐवजी मोझार्टच्या डॉन जिओव्हानी या ऑपेरातली झेर्लिनाची आरिया मिळाली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, म्हणजे मासेत्तोला, बेदम मार पडलाय, तो रस्त्यात कण्हत पडलाय, आणि झेर्लिना त्याला सांगते की माझ्याकडे एक औषध आहे, ते कुठल्या दुकानात मिळत नाही. मग त्याचा हात आपल्या छातीवर ठेवून म्हणते, बघ कसं धडधडतंय. तेवढ्यात खाली ऑर्केस्ट्रात खरंच ठोके सुरू होतात. कागदावर सोपी आरिया, फार उंच सूर नाहीत, दाखवण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण प्रत्येक ओळीत श्वास कुठे संपतोय ते लख्ख ऐकू येतं, लपायला जागाच नाही. त्या "धडधडतंय" वाल्या शब्दावर मी आठवडेच्या आठवडे घालवले, इटालियनमधला तो दुहेरी "त" मराठी माणसाला खरं तर सहज जमतो, पण त्यावर थांबून सूर न तोडता पुढच्या स्वरावर जाणं, ते मला मेमध्ये कुठे जमायला लागलं.

साधारण यादी अशी मागतात: एक किंवा दोन आरिया, त्यातली एक जुनी इटालियन चालते, दोन-तीन जर्मन लीड म्हणजे पियानोबरोबरची कवितागीतं, सगळं पाठ, किमान दोन भाषा, आणि वर एक जर्मन कविता किंवा नाटकातला उतारा नुसता बोलून दाखवायचा. त्याशिवाय पियानो दुय्यम विषय म्हणून, वेगवेगळ्या काळातले दोन सोपे तुकडे, आणि थिअरीची लेखी परीक्षा. पियानो मी उशिरा धरला आणि त्याचा ताण शेवटपर्यंत राहिला. चर्चच्या हॉलमधला जुना पियानो फादरांनी संध्याकाळी वापरू दिला, त्यांचे उपकार आहेत.

थिअरीबद्दल एक सांगते. पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांतली पाचवीपर्यंतची थिअरी झालेली असेल तर पाया ठीक असतो, पण जर्मन स्वरनामं वेगळी आहेत. आपण ज्याला बी म्हणतो त्याला ते एच म्हणतात, आणि बी फ्लॅटला नुसतं बी. पेपरात हे घाईत उलटसुलट होतं. मी शेवटचे दोन महिने सगळी नोटेशन जर्मन नावांनीच म्हणत होते. सरगममधून आलेल्यांना आणखी एक सवय लावावी लागते, सा कुठेही धरायचा नाही, सूर ठरलेले आहेत. आणि डिक्टेशन रोज करा, म्हणजे पियानोवर वाजलेली ओळ ऐकून लिहायची, ते एका आठवड्यात येत नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या आधी एपीएसचा अर्ज टाकला. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून हे लागतं, तुमची दहावी, बारावी, पदवीची कागदपत्रं खरी आहेत याची दिल्लीतून तपासणी. फी १८,००० रुपये. ऑनलाइन नोंदणी, बँकेतून पैसे, फॉर्म प्रिंट करून सही, झेरॉक्सचा गठ्ठा कुरिअरने दिल्लीला. गाणं शिकणाऱ्यालाही हे चुकत नाही. माझं सर्टिफिकेट यायला काही आठवडे गेले, लोकांचे अनुभव वाचलेत तर सीझनमध्ये जास्तही लागतात. युनिव्हर्सिटीतून ट्रान्स्क्रिप्ट काढायलाच मला जास्त फेऱ्या पडल्या, तेव्हा ते सगळ्यात आधी मागून ठेवा.

जानेवारीत घशाची तपासणी. अनेक होखशूले अर्जासोबत फोनियाट्रिक रिपोर्ट मागतात, म्हणजे कान-नाक-घसा डॉक्टरने, शक्यतो आवाजाचं काम करणाऱ्याने, स्वरतंतू निरोगी आहेत असं लिहून द्यायचं. काहींच्या साइटवर त्याचा ठरलेला फॉर्म असतो, तोच प्रिंट करून न्या, डॉक्टर आपल्या लेटरहेडवर काहीतरी लिहून देतील आणि ते परत येईल. तपासणी स्ट्रोबोस्कोपीने होते. डॉक्टर जीभ गॉजने धरून बाहेर ओढतात, कॅमेऱ्याची नळी तोंडातून आत, आणि "ईऽऽ" म्हणा म्हणतात, जे त्या अवस्थेत म्हणणं भलतंच अवघड असतं. मधल्या ए वर स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा उघडतात आणि मिटतात, डोळ्याला ते दिसणं शक्य नाही, पण लुकलुकणाऱ्या प्रकाशात ते संथ हलताना स्क्रीनवर दिसतात. दोन पांढऱ्या, ओलसर कडा, एकमेकींना भिडताहेत आणि सुटताहेत. इतकी वर्षं ज्याच्यावर मेहनत करत होते ते मी पहिल्यांदा बघितलं आणि मला रडू आलं. डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे, फक्त ॲसिडिटी सांभाळा, रात्री उशिरा जेवू नका. लोकलने साडेदहाला घरी पोचणाऱ्या माणसाला हे पाळणं कठीण, तरी मी डबा संध्याकाळी सहालाच खायला लागले.

अर्ज. प्रत्येक होखशूलेचं वेगळं पोर्टल, वेगळी डेडलाइन, हिवाळी सेमिस्टरसाठी बहुतेकांची मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा जूनच्या आसपास. अर्जाची फी साधारण तीस ते साठ युरो आणि ती परत मिळत नाही, म्हणून दहा-बारा ठिकाणी अर्ज टाकायचा मोह आवरा. बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओवर होते. व्हिडिओ एका सलग टेकमध्ये हवा, मध्ये कट नको, आवाजावर कुठलाही इफेक्ट नको, चेहरा आणि हात दिसले पाहिजेत, पियानो लाइव्ह हवा. आम्ही फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये केलं, आधी पियानो ट्यून करून घेतला, पंखे बंद, खिडक्या बंद, आणि बाहेर कोणाच्या तरी लग्नाचा बँड सुरू व्हायच्या आत संपवायचं होतं. पियानिस्टने ताशी दोन हजार घेतले आणि ते पैसे अगदी योग्य जागी गेले, वाजवणारा श्वास ओळखणारा असेल तर गाणाराही शांत गातो.

याच काळात प्रोफेसरांना ईमेल पाठवा. जर्मनीत गायनाचा विद्यार्थी एका प्रोफेसरच्या वर्गात घेतला जातो, त्यामुळे परीक्षेआधी एखादा ओळखीचा तास मागणं अगदी रीतसर मानलं जातं. छोटं ईमेल, जर्मनमध्ये, व्हिडिओची लिंक, कधी येणार ती तारीख. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यातल्या एका बाईंनी ऑनलाइन अर्धा तास ऐकलं, एक पैसा घेतला नाही, आणि माझ्या जबड्याकडे बघून पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं की तू स्वर धरून ठेवतेस, सोडत नाहीस. पुढचे महिने मी तेच करत होते.

व्हिसाचा गुंता इथे सुरू होतो, लक्ष देऊन वाचा. परीक्षेला बोलावणं आलं की दोन रस्ते असतात. एक, शिक्षणेच्छू अर्जदाराचा नॅशनल व्हिसा, हा काढलात तर प्रवेश मिळाल्यावर तिथेच राहून परवाना बदलता येतो, पण राहण्या-खाण्याच्या पैशांचा पुरावा आधीच दाखवावा लागतो. दुसरा, साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांसाठी जायचा, परीक्षा देऊन परत यायचं, आणि प्रवेश मिळाला तर इथून नवा स्टुडंट व्हिसा. शेंगेनवर गेलात तर तिथे बसून तो स्टुडंटमध्ये बदलून मिळत नाही, परतावंच लागतं. आमच्याकडे प्रवेशाची खात्री नसताना एवढी रक्कम अडकवणं शक्य नव्हतं, म्हणून मी शेंगेन घेतला. फी ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, परीक्षेची आमंत्रणपत्रं, ऑफिसचं रजेचं पत्र, पप्पांचे आयटीआर आणि बँक स्टेटमेंट, येण्या-जाण्याचं बुकिंग. मेच्या सुरुवातीला मुंबईत बायोमेट्रिक दिलं, महिना संपायच्या आत पासपोर्ट आला. विमानाचं तिकीट येऊन-जाऊन साठ हजारांच्या घरात पडलं.

जूनमध्ये गेले. तिथे काही दिवस आधी पोचा, नुसत्या झोपेच्या बदलाने वरचे सूर गायब होतात. हॉस्टेलमध्ये गाता येत नाही, पण होखशूलेत परीक्षार्थींना रियाजाची खोली ठरलेल्या वेळेला मिळते, आधी लिहून विचारा. पियानिस्ट तेच देतात, तुमच्याबरोबर दोन-चार मिनिटं बघून घेतात की नाही तेही ठिकाणानुसार. म्हणून नोटेशनची कॉपी स्वच्छ हवी, पानं एकमेकांना चिकटवलेली, सुटी पानं स्टँडवरून उडतात, आणि श्वास कुठे घेता ते पेन्सिलने लिहिलेलं.

पहिल्या ठिकाणी सहा-सात प्रोफेसर एका लांब टेबलामागे. मी लीड सुरू केलं, दुसऱ्या कडव्यात कोणीतरी म्हणालं "डांके", म्हणजे थँक यू, थांबा. मग आरिया, तीही अर्ध्यात थांबवली. बाहेर येऊन मी जिन्यावर बसले, हात थंड पडले होते. शेजारी कोरियाची एक मुलगी होती, तिने सांगितलं की सगळ्यांनाच थांबवतात, वेळ तेवढाच असतो, त्याचा निकालाशी संबंध नसतो. हे मला आधी माहीत असतं तर तो दिवस सोपा गेला असता, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. तिथे मात्र माझं नाव यादीत नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणच्या निकालाने तर मला आणखी गोंधळात टाकलं. पत्रात लिहिलं होतं की तुम्ही परीक्षा उत्तीर्ण झालात, पण जागा देता येत नाही. असं होतं. गायनाला वर्षाला मोजक्या जागा, त्या त्या प्रोफेसरच्या वर्गात कोणी बाहेर पडलं तरच नवा येणार, म्हणून पास होणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या रात्री आईला फोनवर हे समजावता समजावता माझाच धीर सुटला. आई म्हणाली, "पास झालीस ना, मग झोप आता, उद्या पाणी जास्त पी." बाकी काही बोलली नाही.

तिसरं ठिकाण दक्षिणेत, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. इथे मला झेर्लिना पूर्ण गाऊ दिली. मग टेबलामागच्या एका प्रोफेसरनी खुर्ची उचलून माझ्यासमोर ठेवली, स्वतः बसल्या, म्हणाल्या, मी मासेत्तो, माझं अंग दुखतंय, आता दुसरा भाग मला गा, हॉलला नको. मी खाली वाकून, निम्म्या आवाजात गायले, आणि त्या धडधडीच्या शब्दावर पियानिस्टने बोटं इतकी हलकी केली की मला माझाच श्वास ऐकू आला. त्यानंतर आवाजाची पट्टी बघायला खालून वर सूर म्हणून घेतले, कविता बोलून घेतली, आणि विचारलं की भारतातून इथे येऊन पुढे काय गायचंय. मी म्हटलं, आत्ता मोझार्ट, पुढचं आवाज सांगेल. दुसऱ्या दिवशी थिअरी आणि पियानो. संध्याकाळी नोटीस बोर्डवर नंबरांची यादी लागली, त्यात माझा नंबर होता. मी तो फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा वसईत मध्यरात्र उलटून गेली होती आणि तरी सगळ्यांचे टिक निळे झाले.

प्रवेशपत्र जुलैत आलं. त्यात जागा स्वीकारल्याचं कळवायची मुदत असते, ती चुकली की जागा गेली, म्हणून परत आल्यावर ईमेल आणि स्पॅम दोन्ही रोज बघत होते.

मग पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो टाकायचे, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ सुटतात. तेव्हा युरो शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ बारा लाख. एका बँकेने एज्युकेशन लोनला सरळ नाही म्हटलं, म्युझिकचा कोर्स त्यांच्या यादीत बसत नव्हता. दुसऱ्या बँकेने वाडीचे कागद ठेवून काही भाग दिला, उरलेलं पप्पांच्या एफडीतून आणि मावशीकडून. पैसे बाहेर पाठवताना टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापून घेते तो कर, लागतो त्याची भीती घालतात लोक, पण १ एप्रिल २०२५ पासून १० लाखांपर्यंत तो नव्हता, त्याच्यावरच्या रकमेला शिक्षणासाठी स्वतःचे पैसे असतील तर २०२५ मध्ये ५ टक्के होता, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांना नव्हताच. कापला गेला तरी रिटर्न भरताना मिळतो.

वाडीचे कागद बँकेत द्यायच्या आदल्या दिवशी पप्पांनी विचारलं, यावर पोट भरेल का. मी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. बॅचलर, मग मास्टर्स किंवा ऑपेरा क्लास, म्हणजे सहा वर्षं. मग एखाद्या थिएटरच्या ऑपेरा स्टुडिओत कमी पगारावर, मग जमलं तर फिक्स कॉन्ट्रॅक्ट. ते कॉन्ट्रॅक्ट बहुतेक सीझन-सीझनचं, आणि पुढच्या सीझनला ठेवायचं नसेल तर थिएटर ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवतं, म्हणून दर ऑक्टोबरला सोलो गायकांच्या पोटात गोळा असतो. कोरसची नोकरी त्यामानाने स्थिर, पगार नियमित, आणि तिथेही आवाज तितकाच तयार लागतो. मी सोलोच होईन असं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, मला रोज गायचंय आणि त्याचे पगार देणारी जागा जगात कुठे असेल तर ती तिथे आहे. पप्पा एसटीत होते, आयुष्यभर ड्यूटीचे चार्ट बघितलेला माणूस, म्हणाले, "म्हणजे शिफ्टचीच नोकरी, सणासुदीला सुट्टी नाही." हो, नाताळात तर सगळ्यात जास्त शो असतात. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बँकेत आले.

स्टुडंट व्हिसाचा अर्ज जुलैच्या शेवटी ऑनलाइन पोर्टलवर भरला, मग बायोमेट्रिकची तारीख, फी ७५ युरो. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, बी२, विमा, आणि कोर्स बदलण्याचं कारण लिहिलेलं पत्र. बीकॉमनंतर गायन का, हे त्या पत्रात नीट लिहा, क्वायर, परीक्षा, टीचरचं पत्र, सगळं क्रमाने. पाच-सहा आठवडे वाट बघण्यात गेले, त्या दिवसांत रियाजात मन लागत नव्हतं, तरी रोज निदान अर्धा तास सूर लावायचेच असं ठरवलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर पासपोर्ट आला आणि शेवटच्या आठवड्यात मी निघाले.

तिथे पोचल्यावरची धावपळ सगळ्या विद्यार्थ्यांना सारखीच, ती थोडक्यात. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, सरकारी आरोग्यविमा घ्यायचा, तिशीच्या आत असाल तर महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास, विमा कंपनी कॉलेजला परस्पर ऑनलाइन कळवते आणि त्याशिवाय नाव पक्कं होत नाही. राहण्याच्या परवान्याची फी १०० युरोपर्यंत. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे, मी शनिवार-रविवार एका बेकरीत जाते. फक्त घर शोधताना पहिलाच प्रश्न विचारा की गायलं तर चालेल का आणि किती वाजेपर्यंत, भाडेकरारात लिहून घ्या. माझा रियाज कॉलेजच्या खोल्यांतच होतो, सकाळी सातला गेलं की खिडकीजवळची खोली मिळते.

पहिल्या सेमिस्टरला आठवड्यातून गायनाचा तास, पियानिस्टबरोबर वेगळा तास, पियानो, थिअरी, कान तयार करण्याचा वर्ग, इटालियन, जर्मन उच्चार, आणि स्टेजवर हलण्या-चालण्याचा वर्ग. ज्या प्रोफेसर खुर्चीवर मासेत्तो होऊन बसल्या होत्या त्याच माझ्या टीचर आहेत. त्यांनी अजून नवीन आरिया दिलेली नाही, फक्त लीड आणि स्वराचे व्यायाम, जबडा अजून सुटायचाय म्हणाल्या.

कोणाला पुढच्या मार्चच्या डेडलाइनला अर्ज टाकायचा असेल तर ट्रान्स्क्रिप्ट आणि एपीएस आत्ता सुरू करा, घशाच्या डॉक्टरची वेळ डिसेंबरमध्येच घेऊन ठेवा, आणि पियानो येत नसेल तर तो उद्यापासून.